तेवीस नंबरचा ग्रुप

जान्हवीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोंची यादी मी केली, आणि ती करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. जान्हवी माझी धाकटी बहीण. मी गोरेगावच्या एका शाळेत शिकवते आणि गेली बारा वर्षं तिथलं वेळापत्रक मीच लावते. अडतीस शिक्षक, एकोणीस वर्ग, आणि कुठल्याही तासाला एक शिक्षक दोन वर्गांत सापडता कामा नये. एवढं जिला जमतं तिला लग्नातले नातेवाईक ओळीत उभे करणं काय जड, असा माझा समज. माझा नवरा राजेश म्हणतो की माझे सगळे समज असेच असतात. पण तो हे हळू म्हणतो.

फोटोग्राफर सुयोग तिशीतला, बोलायला रोखठोक. आमच्याकडे चहा पितापिताच त्याने सांगून टाकलं.

"ताई, लग्न लागल्यावर पन्नास मिनिटं माझी. एका ग्रुपला दोन मिनिटं, मध्ये थोडी ढकलाढकली. बावीस ग्रुप. तेविसावा घातलात की वाट लागली. लोक भुकेले होतात, मग फोटोत सगळ्यांची तोंडं वाकडी."

मला हा माणूस एकदम पटला. तो जिन्यातून उतरतोय तोवर मी वही उघडली होती.

ज्यांनी अशी यादी केलेली नाही त्यांना वाटेल, नावं लिहायची आणि मोकळं व्हायचं. आत्याला सहावा नंबर दिला आणि मामाला सातवा, तर मामीने आईला फोन करून विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मग मामाला पाचवा दिला, तर आत्या म्हणाली मी शेवटी आले तरी चालेल गं, आता माझं कोण आहे. चुलत बहिणींना नवऱ्यासकट एक आणि नवऱ्याशिवाय एक असे दोन फोटो हवे होते. चुलतभावाला कुत्रा आणायचा होता. कुत्र्याला मी नाही म्हटलं, तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्या आठवड्यात माझी बरीच कामं झाली.

या सगळ्यात बाबांनी एकच मागितलं. पेपर वाचता वाचता, वर न बघता म्हणाले, "प्रांजल, खोलीवाल्यांचा एक घे."

खोलीवाले म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गावची लालबागला एक खोली होती. गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेली. गावातून गिरणीत कामाला आलेल्याने तिथे पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं आणि पाळीप्रमाणे झोपायचं. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच चटयांवर आडवी व्हायची. बाबा, म्हणजे लवू, अठराव्या वर्षी तिथे आले. तेरा माणसं, तेरा ट्रंका आणि एक मोरी. बाबा गिरणीत कायम नव्हते, बदली कामगार होते. कुणी खाडा केला की त्याच्या जागी त्या दिवसापुरतं उभं राहायचं, असं ते काम. पुढे संप झाला, गिरणी गेली, बाबा गोरेगावला एका स्टुडिओत लाइटमन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण "आमच्या खोलीत" म्हणून गोष्ट सुरू झाली की अजून त्यांचा आवाज बदलतो.

एकोणीसशे ऐंशी साली या मंडळींनी स्टुडिओवाल्याला बोलावून चाळीच्या अंगणात एक फोटो काढून घेतला होता. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना पाणी लावून. तो फोटो आता गावच्या देवळाशेजारच्या मंडळाच्या खोलीत लावलाय, खाली ओळीने नावं आहेत. फोटोत बाराजण आहेत. तेरावे बाबा. ते त्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर होते.

दर मे महिन्यात आम्ही गावी जातो आणि दर मे महिन्यात कुणीतरी त्या फोटोखाली उभं राहून म्हणतं, "लवू, तू खोलीत होतंस तरी काय रे?" आणि बाबा हसतात. ते हसणं मी जन्मल्यापासून बघत आलेय आणि ते हसणंच आहे असं मी धरून चालले होते.

एकदा मी त्यात लक्षही घातलं. बाबांच्या साठीला त्यांच्या जुन्या ओळखपत्रावरचा चेहरा एका दुकानातून त्या फोटोत बसवून घेतला, खोलीतल्याच रतनकाकांच्या खांद्यामागे, मोठी फ्रेम केली आणि सगळ्यांसमोर दिली. बाबांनी तो बराच वेळ बघितला. "छान आहे," म्हणाले, आणि कपाटाच्या वरच्या खणात गोधड्यांखाली ठेवून दिला. मी दोन महिने फुगून होते. एवढं डोकं लावून केलं आणि माणसाला कौतुक नाही.

तर यादी चोवीसवर गेली. दोन कापणं भाग होतं. एक जान्हवीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींचा कापला, कारण त्या दिवसभर स्वतःचे काढणारच होत्या. दुसरा खोलीवाल्यांचा. नातेवाईक नाहीत, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि कापला म्हणून फोन करून रडणारंही कुणी नाही. कापण्याच्या दृष्टीने तो उत्तम ग्रुप होता.

छापलेली यादी मी आईच्या फ्रिजवर लावली. बाबांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ते काय नातेवाईक नाहीत." आणि गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला गेले.

दोन दिवसांनी मी नारळांची पोती ठेवायला गेले, तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. माझी आई, रुक्मिणी, फारशी ओरडत नाही. ती गॅस बारीक करते आणि मग बोलते. तिने गॅस बारीक केला.

"तू त्यांचा फोटो काढून टाकलास यादीतून?"

"आई, बावीसच होतात. सुयोग म्हणाला ना."

"त्यांनी तिघांना फोन करून सांगितलं होतं, फोटो आहे म्हणून. नाना तेवढ्यासाठी गावाहून येतोय. काल परत तिघांना फोन केले, फोटो नाही, नुसतं जेवायला या. वर म्हणाले, चूक माझीच झाली, मी पोरीला न विचारता बोललो." आईने कढईवर झाकण ठेवलं. "तेराजणांतले चार उरलेत गं. तुला माहितीये ना?"

मला नव्हतं माहीत. मला बावीस ग्रुपांमधल्या एकशे एकसष्ट माणसांचा नंबर पाठ होता आणि हे माहीत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मला लाज वाटली की मी चिडते, ही माझी जुनी खोड.

"मग मला सांगायचं ना! तोंड नाही का त्यांना?"

"तुला?" आईने एवढंच विचारलं आणि गॅस मोठा केला.

मी तिथेच, फ्रिजला वही टेकवून, पेन्सिलने तेवीस हा आकडा लिहिला. पुढे लिहिलं, खोलीवाले: नानाकाका, बाबलकाका, रतनकाका, बाबा. मग सुयोगला फोन लावला.

"सुयोग, तेवीस."

"ताई, मी सांगितलं होतं..."

"तेवीस, सुयोग."

"ओके ताई," तो म्हणाला. माझा आवाज त्याला कळला असावा. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कशाला उगाच त्रास." पण लगेच फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, झालं, मिटलं. पन्नासच्या जागी बावन्न मिनिटं.

आता माझा खरा पराक्रम ऐका. फोटोंच्या यादीबरोबर मी एक दुसरा तक्ताही केला होता, घरच्यांपैकी कोण किती वाजता कुठे. याला कारण माझंच लग्न. त्यात राजेशचे मोठे काका जेवून निघाले तेव्हा दारात आमच्याकडचं कुणीच नव्हतं. नारळ नाही, पेढे नाहीत, नमस्कार नाही. ते काका दोन वर्षं प्रत्येक कार्यात ही गोष्ट सांगायचे आणि मी प्रत्येक कार्यात ऐकायचे. जान्हवीच्या वाट्याला ते यायला नको, म्हणून तक्त्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं: दोन ते अडीच, बाबा, दार. मुलाकडची वडीलधारी माणसं त्याच सुमाराला निघणार होती.

लग्न बोरिवलीला, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. आम्ही साडेनऊला पोचलो, तर तिघं म्हातारे आमच्याआधी येऊन खुर्च्यांवर बसलेले. नानाकाका उंच, किडकिडीत, सत्तरीचे, मांडीवर कापडी पिशवी. बाबलकाका गोल आणि सतत हसणारे. रतनकाका काठी घेऊन, विरारहून एकटेच आलेले. तिघांचे शर्ट इस्त्रीचे, केस पाणी लावून बसवलेले. फोटोतल्यासारखेच, फक्त केस कमी.

"चेडवा, आमचो फोटो किती वाजता?" नानाकाकांनी विचारलं.

"दोन वाजता काका. नक्की."

"तीनची बस आसा आमची. माका नि बाबलाक गावाक जावक व्हया."

"दोनला दोनच वाजणार," मी म्हटलं. वेळापत्रक लावणाऱ्या बाईचा अहंकार.

मुलाकडची बस पार्ल्याहून निघाली आणि बोरिवलीतल्या भलत्याच हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथल्या लोकांनी त्यांना सरबतही दिलं. नवरदेव चैतन्य धावतपळत आला तेव्हा त्याचा फेटा एका कानावर होता. मुहूर्त तेवढा गाठला, अक्षता पडल्या, पण पुढचं सगळं लांबलं आणि पहिला ग्रुप स्टेजवर चढायला एक वाजून वीस मिनिटं झाली.

मग मात्र मी कुणाला दया दाखवली नाही. हातात वही, गळ्यात चष्मा, आणि नंबर पुकारत सुटले. पाच या, सहा तयार राहा, सात उठा. मामीला साडी सारखी करायला वेळ दिला नाही. आत्या म्हणाली मला दोन्ही बाजूंना उभं राहायचंय, मी म्हटलं एकच बाजू निवडा. जान्हवी स्टेजवरून मला डोळे मोठे करून दाखवत होती, पण ग्रुप सरकत होते. तिघं म्हातारे मसालेभात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाऊन पुन्हा त्याच खुर्च्यांवर येऊन बसले, पिशव्या मांडीवर, डोळे स्टेजवर. मधून मधून नानाकाका घड्याळ बघत आणि मी त्यांना लांबूनच हात करून बसवत होते.

दोन वाजून बारा मिनिटांनी बावीस संपला.

"तेवीस!" सुयोग ओरडला. "लवकर ताई, हॉलवाले एसी बंद करायला लागलेत."

तिघं स्टेजवर चढले. रतनकाकांना मी हात दिला. जान्हवी आणि चैतन्य मध्ये, बाजूला हे तिघं, आणि बाबलकाकांनी शेजारी एका माणसाची जागा आपण होऊन मोकळी सोडली.

"बाबा कुठे?" जान्हवीने विचारलं.

मी सवयीने वही उलटली. दुसरा तक्ता. दोन ते अडीच, बाबा, दार.

बारा वर्षांत मी एकाही शिक्षकाला एका तासाला दोन वर्गांत टाकलेलं नाही. माझा त्याबद्दल दरवर्षी सत्कार होतो. आणि स्वतःच्या बापाला मी त्या एकाच वेळेला फोटोतही घातलं होतं आणि दारातही.

मी धावत दारापाशी गेले. बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. नवा शर्ट, बाजूला नारळांचं खोकं आणि पेढ्यांचे पुडे, हातात एक नारळ तयार. खाली गाडी लागली होती. चैतन्यची आजी, द्रौपदीआजी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, जेवणाच्या हॉलमधून एकेक पाऊल टाकत येत होत्या.

"बाबा, चला. दोन मिनिटं. सगळे थांबलेत."

"आता कसा येऊ? त्यांची आजी निघतेय. तूच लिहिलंयस ना, दोन ते अडीच." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "काढून घ्या तुम्ही. मी मागाहून बघेन."

"ह्याच म्हणालंस तेव्हा," माझ्या मागून आवाज आला.

नानाकाका स्टेजवरून उतरून माझ्या पाठोपाठ आले होते. बाबा एकदम म्हणाले, "नाना, सोड रे. पोरीसमोर कित्याक?"

"पोरीसमोरच," नानाकाका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुका ठावक आसा, ह्यो त्या दिवशी पयल्या पाळयेक कोणाच्या बदली गेल्लो? माझ्या. माझ्या लग्नाचा बोलणा चल्ललला. चेडवाकडच्यांनी फोटो मागलेलो, आणि माझो जल्मात एक फोटो नाय. म्हणान मी खाडो केलंय. माझ्या जाग्यार कोणीतरी जावक व्हया, नायतर मुकादम माका काढतलो. तेव्हा ह्यो म्हणालो, काढून घेवा तुमी, मी मागाहून बगान."

मी बाबांकडे बघितलं. ते हातातल्या नारळाची शेंडी सारखी करत होते.

"त्याच फोटोत माझ्या बायकोन माका बगल्यान आणि होय म्हटल्यान," नानाकाका म्हणाले. "आणि गावात लोक ह्येका हसत, तू खोलीत होतंस काय म्हणान, तेव्हा मी थंयच बसललंय. गप. चव्वेचाळीस वर्सां. माका लाज वाटा, म्हणान सांगलंय नाय. आणि ह्येनाव सांगल्यान नाय."

त्यांनी पुढे होऊन बाबांच्या हातातला नारळ धरला. "आज मी ऱ्हवतंय दारात. तू जा."

"आणि फोटोत तू नसशीत?" बाबांनी नारळ सोडला नाही. "तू नाय तर त्या फोटोचा मी काय करू?"

"माझो एक आसा. तुझो नाय."

"माका असलो नको."

दोघं म्हातारे एकाच नारळाला धरून उभे, आणि दोघंही सोडायला तयार नाहीत. खालून गाडीचा हॉर्न वाजला. आतून सुयोग ओरडला, "ताई, एसी गेला!" द्रौपदीआजी चार पावलांवर आल्या होत्या. आणि मला एवढं रडू आलं होतं की मला भयंकर राग आला.

मी तो नारळ दोघांच्या हातांतून ओढून घेतला.

"दोघंही जा. दारात मी थांबते."

"अगं, मुलाकडची माणसं..." बाबा म्हणाले.

"मुलीची थोरली बहीण दारात आहे. चालतं त्यांना. नाही चाललं तर मी बघून घेईन. जा बाबा."

आठवीच्या वर्गावर मी जो चेहरा वापरते तो बाबांनी पहिल्यांदाच बघितला असणार. नानाकाकांनी त्यांचं मनगट धरलं आणि लहान मुलाला शाळेत न्यावं तसं ओढत आत नेलं.

द्रौपदीआजी दारात पोचल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"व्याही कुठे गेले गं? आत्ता तर दिसत होते."

राजेशच्या काकांची दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पण खोटं काही सुचेना.

"आजी, ते फोटो काढतायत. त्यांच्या खोलीवाल्यांबरोबर. त्यांच्या जागी मी आहे."

"हात्तिच्या! मग काढू दे की," आजी म्हणाल्या. "मी कुठे पळतेय? एक खुर्ची दे मला. त्यांना भेटूनच जाते."

मी खुर्ची दिली. आजी बसल्या आणि पेढ्याचा पुडा उघडून एक मला दिला. दारातून स्टेज दिसत नव्हतं. मधे खांब होता. फ्लॅशचा उजेड तेवढा भिंतीवर दिसला, एकदा, दोनदा, तीनदा. मग बाबलकाकांचं गडगडाटी हसणं आलं आणि त्यात मिसळलेलं बाबांचं. ते मी ओळखलं. हे हसणं मे महिन्यातलं नव्हतं. छातीवरचा दगड उतरला म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. हातात नारळ, तोंडात पेढा, आणि मी दारात उभी राहून खुशाल रडत होते.

"बहिणीच्या लग्नात रडू येतंच," आजी म्हणाल्या. मी होय म्हटलं.

चार मिनिटांनी बाबा धापा टाकत आले. आजींना वाकून नमस्कार केला, नारळ दिला, हात धरून जिना उतरवला. राजेशने दोघा काकांना गाडीत घातलं आणि बस निघण्याआधी पाच मिनिटं तिथे पोचवलं. रतनकाका चार वाजेपर्यंत थांबले आणि दुसऱ्यांदा जेवले. मुलाकडच्या कुणीही आजपर्यंत काहीही म्हटलेलं नाही. मी वाट बघून पाहिली.

पंधरा दिवसांनी सुयोगने फोटो पाठवले. मी सगळे सोडून आधी तेवीस उघडला. बाबा बाबलकाकांनी सोडलेल्या त्या जागेत होते, नानाकाकांचा हात त्यांच्या खांद्यावर. आणि बाबांचे डोळे मिटलेले. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. तिन्हींत मिटलेले. तीस वर्षं ज्याने लोकांच्या तोंडावर हजार वॅटचे दिवे मारले, त्या माणसाने साध्या फ्लॅशला तीनदा डोळे मिटले होते.

"टेन्शन नको ताई," सुयोग फोनवर म्हणाला. "काकांचे डोळे दुसऱ्या फोटोतून उचलून बसवतो. कळणार पण नाही. झकास होईल."

"थांब," मी म्हटलं. "काहीही बसवू नकोस. मी विचारते."

या वेळी मी विचारलं. फोटो मोठा छापून घेऊन बाबांसमोर ठेवला, डोळ्यांचं सांगितलं, सुयोगचंही सांगितलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते राजेशला विचारा.

बाबांनी चष्मा लावला. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले, रतन, बाबल, नाना, आणि मग स्वतःवर थोडा वेळ थांबले.

"नको," म्हणाले. "चिकटवलेलं नको काही."

मग स्टूल घेऊन त्यांनी कपाटाचा वरचा खण उघडला, गोधड्यांखालून माझी ती साठीची फ्रेम काढली, मागचे खिळे वाकवले आणि त्यातला फोटो काढून माझ्या हातात दिला. नवा फोटो त्यात बरोबर बसला. त्यांनी तो टीव्हीच्या वर लावला, दोन पावलं मागे येऊन बघितला, पुन्हा थोडा सरळ केला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग त्यांनी फोन लावला. नानाकाकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं बिऱ्हाड ऐकेल इतक्या मोठ्याने ते बोलत होते.

"नाना, फोटो इलो रे! होय, होय, चारय जण आसंव. माझे? माझे डोळे मिटलेत. अरे मिटले तर मिटांदेत. उभो होतंय मां मी थंय!"